मेइ कडू खाते

ऑफिसातले किस्से कोणी ठरवून जमवत नाही हो. आमच्या बिल्डिंगच्या तळघरात रिकामी खोकी जशी आपोआप साठतात ना, तसेच ते साठतात, आणि एके दिवशी दार उघडलं की अंगावर कोसळतात! माझ्याकडची निम्मी खोकी एकट्या मेइची आहेत.

आम्ही जर्मनीत झिंडेलफिंगेनजवळच्या एका छोट्या कंपनीत आहोत. गाडीच्या दारांना कडेनं रबर असतं, त्यावर पाण्याचा मारा करून ते कुठे गळतं का बघायचं, हे आमचं काम. मी पुण्याची, मेइ चीनमधल्या हुनानची आणि साहेब हेर क्राउस, इथलेच, पक्के श्वाबियन. आमचं बोलणं अर्धं इंग्रजी, अर्धं जर्मन. मी आपलं मराठीत सांगते.

*

मेइच्या इंटरव्ह्यूला हेर क्राउसबरोबर मीही बसले होते.

"तुमचा सगळ्यात मोठा गुण कोणता?" त्यांनी विचारलं.

"मी कडू खाऊ शकते," मेइ म्हणाली.

हेर क्राउसनी माझ्याकडे बघितलं. अख्खा आशिया जणू माझ्याच जबाबदारीवर! मी काय सांगणार, कपाळ?

तिचा अर्थ मला नंतर कळला. चिनी भाषेत कष्ट करत नाहीत, कडू 'खातात'. ज्याला कडू खाता येतं तो माणूस भरवशाचा, असा त्यांचा हिशोब. पण हेर क्राउसनी तोवर आपल्या कागदावर 'कडू आवडतं' असं टिपून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी तिच्या स्वागताचा नाश्ता. आम्हाला सगळ्यांना लोणी लावलेले ब्रेझेल, इथले ते पीळ घातलेले खारे पाव. मेइच्या ताटलीत काय? अर्धं ग्रेपफ्रूट आणि चिकोरीच्या कडू पानांचं सॅलड!

"खास तुमच्यासाठी आणलंय," साहेब छाती फुगवून म्हणाले.

बाईनं सगळं संपवलं. शेवटचं पानसुद्धा ठेवलं नाही. जिन्यात मला हळूच म्हणाली, "मला ब्रेझेल हवं होतं गं."

*

पुढे बरेच महिने गेले. एकदा कॉफी मशीनपाशी मी माझ्या अर्णवच्या नावानं खडे फोडत होते. हे खात नाही, ते खात नाही, मी मराठीत विचारलं की जर्मनमधून उत्तर.

"माझी पण अशीच असेल का?" मेइ म्हणाली.

"तुझी कोण?"

"मुलगी."

माझ्या हातातला कप हिंदकळला. "तुला मुलगी आहे?!"

रोज शेजारी बसणारी बाई! माझ्या सासूच्या गुडघ्यांपासून नवऱ्याच्या घोरण्यापर्यंत हिला सगळं ठाऊक, आणि हिला मुलगी आहे हे मला माहीत नाही! तिनं फोनमध्ये फोटो दाखवला. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. नाव तिंगतिंग. नवरा केव्हाच वेगळा झालेला. तिंगतिंग नीट बोलायलाही लागली नव्हती तेव्हा मेइ तिला आपल्या आईपाशी ठेवून इथे शिकायला आली. मग नोकरी, आणि राहिलीच.

"अगं, तू आई आहेस का कोण!" निघालंच माझ्या तोंडून. माझं तोंड हे असं आहे.

ती चिडली नाही. म्हणाली, "आमच्या गावात निम्म्या घरांत असंच आहे. आईबाप शहरात, पोरं आजी-आजोबांकडे. आधी कडू, मग गोड, असं म्हणतो आम्ही. कडू मी खाते. गोड तिच्यासाठी."

तिला आता एकच गोष्ट हवी होती. इथली शाळा सुरू व्हायच्या आत तिंगतिंगला आणायचं. त्यासाठी पक्की नोकरी हवी, दोघींना पुरेल एवढं घर हवं आणि मुलीच्या बापाची परवानगी हवी. यातलं तेव्हा एकही हातात नव्हतं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या तेव्हा आमच्याकडे राहायला आल्या होत्या. म्हणाल्या, "पोटच्या पोरीला सोडून आली? आणि हसते कशी गं ती? आण बघू तिला जेवायला."

*

आणली. सासूबाई नेमकं कारलं चिरत होत्या. फोडींना मीठ चोळलं, थोडा वेळ ठेवलं आणि मुठीत घेऊन कचकचून पिळलं. हिरवं पाणी वाटीत.

मेइनं ती वाटीच धरली! "हे टाकणार?"

"मग काय पिणार?" सासूबाई.

मेइ माझ्याकडे वळली, अगदी मनापासून विचारलं, "कडू नकोच होतं, तर कारलं आणलं कशाला?"

मी भाषांतर केलं. सासूबाईंनी हातातल्या फोडी न पिळताच परत ताटात टाकल्या! लग्न झाल्यापासून मला जे जमलं नाही ते या बाईनं एका वाक्यात केलं.

मग मेइनं सांगितलं की त्यांच्याकडे कारल्याला सज्जनांची भाजी म्हणतात. कशाही बरोबर शिजवा, ते आपलं कडू आपल्यापाशी ठेवतं, शेजारच्याला देत नाही.

"ऐकावं ते नवल!" सासूबाई म्हणाल्या. "आमच्यात बिचाऱ्याची नुसती बदनामी. तुपात तळा, साखरेत घोळा, कडू ते कडूच."

मेइनं जरा विचार केला. "बदनामी कुठे? हे तर कौतुकच झालं की."

त्या दिवसापासून सासूबाई माझ्या नाही, तिच्या बाजूनं!

*

आता हा किस्सा ऐका, माझं डोकं आजही गरम होतं. टेस्टसाठी आणलेला गाडीचा दरवाजा मेइच्या पायावर पडला. आम्ही धावलो. "काही नाही, काही नाही," म्हणाली आणि कामाला लागली. दुसऱ्या दिवशी लंगडत आली. बुटाची नाडी सोडलेली, कारण पाऊल आत मावत नव्हतं!

हेर क्राउसनी ते पाऊल बघितलं आणि पांढरेफटक पडले. तसेच तिला गाडीत घालून डॉक्टरकडे घेऊन गेले. अंगठा मोडला होता.

"अहो, पण सांगितलं का नाही?" परत आल्यावर ते जवळजवळ ओरडलेच. या देशात शिंक आली तरी लोक आजारपणाची चिठ्ठी आणतात. मोडक्या अंगठ्यानं उभं राहून काम करणारं माणूस त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

मेइ मान खाली घालून म्हणाली, "मुक्यानं कडू मुळी खाल्ली, तर सांगणार कुणाला?"

"आमच्यात याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात," मी म्हटलं.

"तोंड कोण दाबतं?" हेर क्राउस आणखीच घाबरले.

कोण दाबणार? त्या महिन्यात तिची नोकरी पक्की करायची की नाही हे ठरणार होतं. रजा घेतली तर नाही करणार, अशी तिची समजूत. नोकरी नाही तर तिंगतिंग नाही. सरळ हिशोब.

हेर क्राउस खुर्चीत बसले. चष्मा काढला. म्हणाले, "आल्झो... म्हणजे, ते केव्हाच पक्कं झालंय. शुक्रवारी केक आणून सांगणार होतो."

घ्या! हा माणूस केकसाठी थांबला, आणि तिकडे पोरगी मोडका अंगठा बुटात कोंबून उभी! मला हसावं की साहेबांचा गळा धरावा कळेना. केक मात्र त्यांनी त्याच दिवशी मागवला.

*

मग घर मिळालं. मी कपाट लावायला मदतीला गेले होते. एका खोलीत नवाकोरा पलंग, गादीवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही. शाळेचं दप्तर, छोटे रबरी बूट, सगळं तयार. आणि हॉलमध्ये जमिनीवर एक पातळ चटई, तिच्यावर घडी केलेलं पांघरूण.

"हे कुणाचं?"

"माझं."

"पलंग आहे ना आत!"

"तो तिचा."

थंडीत, फरशीवर! मला धक्काच बसला. मेइनं चहा करत करत एका जुन्या राजाची गोष्ट सांगितली. लढाईत हरला, तेव्हापासून गवतावर झोपायचा. छताला एक पित्ताची पिशवी टांगली होती, ती रोज चाटायचा. का, तर हरल्याचा विसर पडू नये.

"तू गं कुणाशी हरलीस?"

"व्हिसा ऑफिसशी," ती म्हणाली.

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर गाडीत बसल्यावरही ते येतच राहिलं, तेव्हा मात्र मी हसत नव्हते.

*

शेवटी बापाची सही आली, व्हिसा आला. मेइची आई नातीला घेऊन फ्रँकफर्टला उतरली, थोडे दिवस राहिली आणि परत गेली. त्यानंतरच्या शनिवारी मी अर्णवला घेऊन भेटायला गेले.

एवढी शहाणी पोर मी पाहिलेली नाही. सांगितल्याशिवाय खुर्चीवर बसेना. पाणी हवं तरी विचारून. खेळून झालं की प्रत्येक खेळणं जिथलं तिथे. अर्णव तर तोंड उघडं टाकून बघत होता. "किती गुणी आहे गं!" मी म्हणत राहिले. मेइ आमच्यात बसून तिचं प्रत्येक वाक्य आम्हाला सांगत होती. फार खुशीत होती. लेकीच्या मागे मागे नुसती फिरत होती.

तिंगतिंगला खोकला झाला होता. आजी जाताना मुळ्या-पाल्याची पुडी ठेवून गेली होती, मेइनं तिचा काढा उकळला. काळाकुट्ट! अर्णवनं आगाऊपणे बोट बुडवून चाटलं आणि "ईगिट!" असं किंचाळत सिंककडे पळाला. मीही थेंबभर चाखला. काडेचिराईत परवडलं! कानशिलांपर्यंत कडू झालं.

मेइनं एका हातात वाडगा धरला, दुसऱ्या हातात खडीसाखर तयार ठेवली. लेकीची समजूत कशी काढायची, काय काय लाडीगोडी लावायची, हे तिनं मला सकाळी फोनवर विचारून घेतलं होतं.

तिंगतिंगनं दोन्ही हातांनी वाडगा घेतला आणि एका दमात रिकामा केला. डोळे मिटले नाहीत, तोंड वाकडं केलं नाही. ओठ पुसले. आईच्या चेहऱ्याकडे बघून हसली, वाडगा पुढे केला आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

मेइनं सवयीनं सांगायला सुरुवात केली. "म्हणतेय, गोड आहे." मग तिच्या हातातली खडीसाखर खाली पडली.

"म्हणतेय, अजून पिऊ का?"