डाव्या कोपऱ्यावरचा पिवळा डाग

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या भाऊंना गल्लीत सगळे कवळीकाका म्हणतात. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणं हा त्यांचा धंदा. आठवडाभर एका लहानशा खोलीत, फिरत्या ब्रशसमोर बसून ते लोकांचे दात घासून चकचकीत करतात, आणि सुटीच्या दिवशी हात शिवशिवतात म्हणून की काय, गाडी घासतात. गाडी जुनी आहे, गडद निळी, पण तिच्या दारात बघून भांग पाडावा अशी.

मी गॅलरीत चहा घेऊन बसते तेव्हा खाली त्यांचं सुरू झालेलं असतं. दोन बादल्या, एक साबणाची आणि एक नुसत्या पाण्याची. मळका बोळा साबणात परत घालायचा नाही, आधी साध्या पाण्यात पिळायचा. टपापासून खाली यायचं. फडकं जमिनीवर पडलं की त्या दिवसापुरतं ते बाद, कारण एक खडा अडकला तरी रंगावर ओरखडा उठतो. गाडी पुसून झाली की ते हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालतात आणि डोळे मिटून तळहात पत्र्यावरून फिरवतात. पिशवीतून बारीकसारीक खरखर जास्त कळते म्हणे. त्या वेळी कुणी हाक मारलेली त्यांना चालत नाही.

“घरातला आरसा धुळीनं आंधळा झालाय,” वहिनी मला ऐकवतात, म्हणजे खरं तर त्यांना ऐकवतात. “पण गाडीवर माशी बसली की हे ताटावरून उठतात.”

त्यांची एकुलती लेक बापापेक्षा वीतभर उंच, तरी घरीदारी तिचं नाव छोटीच. मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढायचं काम करते. चौथीला मीच तिला शिकवलंय. पाटी फुटली तर तुकडे दप्तरात लपवून घरी नेणारी मुलगी. गाडी तीही चालवते. मागे एकदा तिच्या हातून मागच्या सीटवर कॉफी सांडली. भाऊ ओरडले नाहीत. त्यांनी सीट काढली, धुतली, सावलीत वाळवली, आणि सीट परत बसेपर्यंत लेकीशी हो-नाहीपलीकडे बोलले नाहीत. “ओरडणारा नवरा परवडतो,” वहिनी तेव्हा म्हणाल्या होत्या.

त्या रविवारी छोटी सकाळीच ड्युटीला गेली, बसने. रविवार गाडी धुण्याचा, म्हणून ती बसनेच जाते. भाऊंनी गाडी धुतली आणि मग मी कधी पाहिलं नव्हतं ते केलं. टप सोडून ते सरळ पुढच्या डाव्या कोपऱ्यापाशी उकिडवे बसले आणि तेवढाच भाग पॉलिश लावून घासायला लागले.

“आज उलटीकडून सुरुवात?” मी वरून विचारलं.

“डाग आहे बाई, पिवळा. कुठं लागलंय कोण जाणे. डोळ्यात खुपतोय.”

मला दिसेना. पण थोड्या वेळाने ते उठले तेव्हा तो कोपरा बाकीच्या गाडीपेक्षा वेगळा दिसत होता, नव्या नाण्यासारखा. गाडी धुऊन झालेली, म्हणून त्यांनी फडकं लगेच साबणाच्या बादलीत टाकलं. तीही त्यांची शिस्त, पॉलिश फडक्यात वाळू द्यायचं नाही.

तेवढ्यात वहिनी भाजी घेऊन आल्या आणि पिशवी खाली न ठेवताच म्हणाल्या, “अहो, टेलरमामांना काल कुणीतरी उडवलं. दिवेलागणीला, आपल्याच वळणावर. पाय मोडलाय. गाडीवाला थांबलासुद्धा नाही. काळी नाहीतर निळी होती म्हणतात.”

टेलरमामा म्हणजे कोपऱ्यावरचे शिंपी. आमच्या अर्ध्या गल्लीचे कपडे त्यांनी शिवलेत. त्यांची स्कूटर पिवळी. ती पिवळी आहे हे गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही.

मी भाऊंकडे पाहिलं. ते बादलीकडे पाहत होते. फडक्यातून सुटलेला पिवळा गढूळपणा साबणात कधीच मिसळून गेला होता.

काल संध्याकाळी गाडी छोटीकडे होती.

मी खाली गेले. भाऊंनी ओला हात पँटला पुसून फोन लावला. आयुष्यात प्रथमच त्यांना पँटला हात पुसताना मी पाहिलं.

“छोटे, गाडीला पुढं डाग होता. डाव्या बाजूला.”

पलीकडून आवाज आला तो मलाही ऐकू आला. “कुठला डाग?”

भाऊंनी फोन कानाशी घट्ट धरला. मग ती म्हणाली, “अच्छा, तो. खांबाला घासली बाबा, इथं पार्किंगमध्ये. लिफ्टजवळचा खांब. सांगणार होते काल. पेशंट थांबलाय, ठेवते.”

फोन ठेवून भाऊ म्हणाले, “आधी ‘कुठला डाग’ म्हणाली.”

“घाबरली असेल.”

“कशाला?”

कॉफीची आठवण मी काढली नाही.

टेलरमामांचा मेहुणा त्यानंतर लगेचच आला. तो गल्लीतली एकेक गडद गाडी वाकून बघत येत होता. दणकट माणूस, रात्रभर इस्पितळात बसल्याने डोळे तांबारलेले. आमच्या फाटकातून आत येताना त्याने नमस्कार केला, पण नजर गाडीवरच होती. तो सरळ डाव्या कोपऱ्यापाशी गेला.

“काका, इथं घासलंय वाटतं.”

“मी दर रविवारी घासतो,” भाऊ म्हणाले. “कुणालाही विचारा.”

“ते माहितीय हो सगळ्यांना. सगळी गाडी घासता ना पण? आज एवढंच घासलंय.”

“इथं डाग होता.”

“कसला?”

भाऊंना खोटं बोलता आलं असतं. चिखलाचा म्हणाले असते तर पुढचं सगळं टळलं असतं कदाचित. ते म्हणाले, “पिवळ्या रंगाचा.”

वहिनींनी डोळे मिटले.

मेहुणा सरळ उभा राहिला. आवाज मात्र त्याने चढवला नाही, तेच जास्त लागलं. “आमच्या मामांनी तुमची ही पँट शिवली असेल, काका.”

“छोटी म्हणते इस्पितळाच्या खांबाला घासली,” वहिनी मध्ये पडल्या. “पिवळे असतात ते खांब.”

“असतील ना वहिनी. पण डाग ठेवला असता तर स्कूटरशी ताडून बघता आला असता. आता काय बघू, काकांची चकाकी? दुपारी पोलिसांना घेऊन येतो. गाडी हलवू नका.”

तो गेला. भाऊ पायरीवर बसले आणि गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बाई, येता का माझ्याबरोबर? मला खांब बघायचाय.”

“छोटीनं सांगितलंय ना,” वहिनी म्हणाल्या.

“सांगितलंय.”

“मग?”

ते चपला घालायला उठले.

आम्ही बसने गेलो. वाटेत भाऊंनी एकदाच तोंड उघडलं. “खांबाचा रंग गाडीला लागतो तसा गाडीचाही खांबाला लागतो. थोडा तरी लागतोच. आपल्या निळ्यात चमक आहे, पूड असते तशी. ती असली तर आपलीच.” नसली तर काय, ते त्यांनी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही.

इस्पितळाचं पार्किंग तळघरात. वर ट्यूबलाइट, खाली तेलाचे डाग, आणि ओळीने उभे खांब, कमरेपर्यंत पिवळे रंगवलेले. रविवार असल्यामुळे निम्मी जागा मोकळी होती. लिफ्ट समोरच दिसली. भाऊ तिच्याजवळच्या खांबापाशी गुडघ्यांवर बसले. मी मोबाइलचा उजेड धरला.

त्या खांबाला किती गाड्यांनी अंग घासलं होतं! पांढरे पट्टे होते, लाल होते, एक करडा होता. भाऊ तोंड अगदी जवळ नेऊन, गुडघ्याच्या उंचीला चहूबाजूंनी बघत गेले. मी उजेड त्यांच्या मागोमाग फिरवला. एक फेरी झाली. दुसरी झाली. निळं काही नव्हतं.

त्यांनी खांबाला हात टेकला आणि तसेच बसून राहिले. मानेवर घाम आला होता. एवढ्या वर्षांत मी त्यांना म्हातारं म्हणून कधी पाहिलं नव्हतं.

“दुसरी लिफ्ट असेल,” मी म्हटलं. मला ठाऊक नव्हतं. काहीतरी म्हणायला हवं होतं.

पहारेकऱ्याला विचारलं. त्याने हात लांब करून पार दुसऱ्या टोकाकडे दाखवला. स्टाफची लिफ्ट तिकडे. भाऊ चालायला लागले ते इतके भरभर की माझी दमछाक झाली. तिथे दोन खांब होते. पहिल्याला काहीच नव्हतं. दुसऱ्याच्या आतल्या बाजूला, गाडी मागे घेताना जिथे कोपरा वळतो तिथे, बोटाएवढा निळा ओरखडा होता. भाऊंनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि उजेड तिरपा पाडला. निळ्यात बारीक चमचम दिसली.

त्यांनी उजेड पुन्हा पाडला, पुन्हा पाहिलं. नखाने हळूच खरवडून पाहिलं.

“मी दाखवला असता,” मागून आवाज आला.

छोटी लिफ्टच्या दारात उभी होती, इस्पितळाच्या निळ्या कोटात. वहिनींनी फोन केला असणार. बाप गुडघ्यांवर, हातात माझा मोबाइल, आणि ती उभी. मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं.

“आईनं सांगितलं सगळं,” ती म्हणाली. “टेलरमामांचं मला काल माहीतच नव्हतं. मी यायच्या आधी झालं असेल नाहीतर नंतर.” थोडं थांबून तिने विचारलं, “फोटो काढायला आलात ना? त्यांच्या मेहुण्याला दाखवायला?”

तिने वाट काढून दिली होती. नुसती मान हलवायची होती. फोटोची गोष्ट आम्हा दोघांच्या डोक्यातही आली नव्हती, पण ते तिला कुठे ठाऊक होतं?

भाऊ उठले. गुडघे झटकायचे ते विसरले. “नाही,” ते म्हणाले. “मला बघायचं होतं.”

छोटीने मान डोलवली, जणू कुणी पेशंटचं नाव सांगितलं. मोबाइल मागून घेतला. खिशातलं पेन ओरखड्याशेजारी उभं धरून, उंची कळावी म्हणून जमीनही येईल अशा बेताने फोटो काढले. रोजचंच काम असल्यासारखे, एक समोरून, एक बाजूने.

“काल घरी सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?” फोटो काढता काढताच तिने विचारलं.

“काही नाही.”

“तेच ते. काही नाही.” तिने मोबाइल माझ्याकडे दिला. “बाई, तुम्ही जा पुढे, पोलीस यायच्या आत. मला संध्याकाळपर्यंत ड्युटी आहे.”

“मी थांबतो,” भाऊ म्हणाले.

“कशाला? उकडेल इथं.”

“थांबतो.”

ती लिफ्टने वर गेली. मी निघाले तेव्हा भाऊ लिफ्टसमोरच्या पायरीवर बसलेले होते, हात मांडीवर ठेवून, दाराकडे बघत.

दुपारी मेहुणा हवालदाराला घेऊन आला. हवालदाराने फोटो पाहिले, गाडीच्या कोपऱ्याची उंची मोजली, इस्पितळात जाऊन खांब बघतो म्हणाला. मेहुणा बराच वेळ मोबाइल हातात धरून होता. मग वहिनींना म्हणाला, “काकांना सांगा, मी जरा जास्त बोललो.” फाटकापर्यंत जाऊन तो परत फिरला. “पण पुसायला नको होतं त्यांनी,” म्हणाला. टेलरमामांना उडवणारी गाडी पुढे पलीकडच्या वस्तीत सापडली. तिची पुढची काच फुटलेली होती.

त्या दिवशी अंधार पडायच्या सुमारास बापलेक गल्लीत शिरली. छोटी पुढे, भाऊ चार पावलं मागे, खांद्याला तिची डब्याची पिशवी. पिशवी त्यांनी मागून घेतली की तिने दिली, कळायला मार्ग नव्हता. गाडीशेजारच्या दोन्ही बादल्यांमधलं पाणी सकाळपासून तसंच होतं. भाऊ तिकडे वळलेसुद्धा नाहीत.

वहिनी दारातच उभ्या होत्या. “काय गं, काय झालं एवढा वेळ?”

“खांब सापडला,” छोटी चपला काढत म्हणाली. “बाबांना.”