नातीच्या गाण्यापुढे कानात बोळे

सांगायला लाज वाटते, पण इथे अमेरिकेत, श्रूजबरीतल्या आपल्या मंडळींना अर्धंमुर्धं कळलंच आहे, तेव्हा उरलेलं माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या, निवांत बसा. माझ्या बोलण्याला घाई नसते.

माझी नात रेवा. इथेच जन्मली. रॉक बँडमध्ये गाते. एक गाणं इंग्रजी, एक फ्रेंच. गिटारवाला लूक तिचा मित्र, त्याची आई कॅनडाची, घरात फ्रेंच बोलणारी, त्यातून हे खूळ. सहा वर्षं झाली, पण गाडी पुढे सरकेना. इकडचे कार्यक्रमवाले म्हणतात, फ्रेंच काढा. तिकडचे, कॅनडातले म्हणतात, इंग्रजी काढा. अरे, पोरांचं गाणं म्हणजे काय आमटी आहे, कढीपत्ता बाजूला काढून भुरकायला? मला दोन्हीतलं ओ की ठो कळत नाही. माझी आहे का काही तक्रार?

आमच्या तळघरातच यांची तालीम. सगळं घर हादरतं. शेजारच्या काकू विचारायच्या, "आप्पा, तुम्हाला त्रास नाही होत?"

"नात गाते, त्रास कसला? मी खुशाल माळ ओढत बसतो."

तर त्या रविवारी दुपारी वूस्टरला मोठा कार्यक्रम होता. मॉन्ट्रियलचे कोणी साहेब ऐकायला येणार होते. पसंत पडलं, तर सीमेच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ गावांत दौरा. नाही पडलं, तर बँड बंद आणि नोकरी, असा शब्द रेवाने बापाला दिलेला. पोरीला आठवडाभर जेवण गेलं नव्हतं.

निघताना मुलाने, मिलिंदने, विचारलं, "आप्पा, कानाचं मशीन घेतलं ना?" चाळीस वर्षं तेलाच्या गिरणीत काढली मी, कान तिथेच राहिले.

"घेतलं रे बाबा!"

हॉलच्या दारात टेबलावर एक वाडगं. त्यात नारिंगी रंगाच्या इवल्या इवल्या गोळ्या. मी म्हटलं, चला, आपल्या हॉटेलात गल्ल्यावर बडीशेप ठेवतात, तशी सोय दिसते! एक तोंडात टाकली. चावली. पुन्हा चावली. विरघळेना की चव लागेना. तेवढ्यात शेजारच्या बाईने दोन उचलल्या, बोटांत मळल्या आणि सरळ दोन्ही कानांत!

तिच्यामागच्याने तेच केलं. त्याच्यामागच्यानेही!

आता तुम्हीच सांगा, कोणाचं टाळकं फिरणार नाही? गाणं ऐकायला यायचं आणि कानात बोळे घालून बसायचं? आमच्या गावच्या भजनात कोणी जांभई दिली, तर बुवा टाळ थांबवून त्याच्या घरच्यांची चौकशी करायचे. आणि इथे पोरीने अजून तोंडही उघडलेलं नाही!

मी शांत माणूस. कधी कोणाला अरे म्हटलं नाही. पण त्या दिवशी वाडगं उचललं, कोटाखाली घातलं आणि थेट पुढे जाऊन उभा राहिलो. घाला आता बोळे!

तर अगदी पहिल्या रांगेत एक उंच, टकला माणूस. हातात वही, दोन्ही कानांत बोळे! ड्रम सुरू झाले, माझ्या पोटात धडधडायला लागलं आणि हा गृहस्थ डोळे मिटून उभा!

मी त्याचं कोपर हलवलं. "काढा ते! लाज नाही वाटत? पोरगी आठवडाभर जेवली नाही!"

मराठीत बरं का. तो बघतच राहिला. मी माझ्या कानाला हात लावून, बोट हलवून पुन्हा दाखवलं. माझे पिकलेले केस बघून असेल, त्याने मुकाट्याने बोळे काढले. मी ते त्याच्या हातातून घेतले आणि वाडग्यात टाकले.

दोन गाणी तो तोंड वाकडं करून उभा राहिला. तिसऱ्याला दोन्ही कान दाबून दाराबाहेर पळाला.

गेलास तर जा, मी म्हटलं. घाण गेली!

कार्यक्रम संपला. रेवा स्टेजवरून उतरली ती तरातरा माझ्यापाशी. कानाशी तोंड आणून ओरडली, "आजोबा, व्हॉट डिड यू डू? ते मॉन्ट्रियलवाले होते!"

मी वाडगं कोटाखाली आणखी आत सारलं. तरी म्हटलं, "मग त्यांनी कानात बोळे कशाला घालायचे?"

"सगळेच घालतात! इतक्या आवाजाने कान खराब होतात. मीसुद्धा घालते!" तिने केस मागे सारून दाखवले. हिच्याही कानात बोळे! म्हणजे गाणारीसुद्धा?

इतक्यात तो टकला परत आला. नवे बोळे आणायला गाडीपर्यंत गेला होता म्हणे, मग उरलेला सगळा वेळ मागच्या भिंतीशी उभा होता. रेवाशी बोलला, तिचा हात हलवला, माझ्याकडे बोट केलं आणि हसला. रेवा रडायलाच लागली.

"काय म्हणतो मेला?"

"दौरा दिला, आजोबा! दोन्ही भाषांत! म्हणाला, इतकं रागावून ऐकायला लावणारा माणूस आजवर भेटला नव्हता."

बघा! मी छाती फुगवली. रेवाने डोळे पुसले आणि माझा हात धरला.

"आणि शेवटचं गाणं? कसं वाटलं?"

"फक्कड! तुझं फ्रेंच तर आता काय सुधारलंय!"

तिचा चेहरा एकदम पडला. "आजोबा, ते मराठी होतं. तुमच्यावर केलं होतं."

माझा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे गेला. मशीन तिथेच होतं. तळघरात तालीम सुरू झाली की सहा वर्षं जसं ठेवतो तसंच, डबीत, कापसात गुंडाळून.