वर्गात पोचलेली माझी साडी

आधी वैशालीबेनचं नाव घेते. माझ्या कोमलच्या शाळेतल्या त्या बेन, म्हणजे बाई. त्या नसत्या तर माझी लेक आज माझ्याजवळ नसती. आई, आता काय झालं ते सांगते. तुला, आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्या सगळ्याजणींना.

नंदुरबारच्या स्टँडवरून बस हलली तेव्हा तू खिडकीखालून ओरडलीस, "कुणी काही विचारलं तर नुसतं हसायचं गं, उगाच बोलू नको!" तान्ही कोमल मांडीवर होती. बडोद्यात यांना कंपनीत काम लागलं, बाजव्याला खोली मिळाली. भाजीला शाक म्हणायला शिकले, निघताना 'आवजो' म्हणायलाही. कोमल मात्र तिसरीत गेली तरी गुजराती शाळेत तोंड उघडेना. हे वैतागले. "घरात एवढी टकळी, शाळेत हूं की चूं नाही! गावी पाठवू, तुझ्या आईजवळ मराठीत शिकेल."

लेकीला लांब ठेवायचं माझ्या मनात नव्हतं. पण पाचवीतच शाळा सुटलेली मी, यांच्याशी काय वाद घालणार? शाळा सोडल्याचा दाखला मागायला निघाले.

वैशालीबेन मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या बडोद्याच्या. म्हणाल्या, "तास चालू आहे. मागे बेसो ने, मग बोलू."

बसले, आणि हबकलेच. बेननी विचारलं, एकसारखे दोन ओले पंचे, एक पसरून वाळत टाकला, एक घडी करून. आधी कुठला वाळेल आणि का? विचारलं आणि गप्प उभ्या राहिल्या. मला वाटलं, पुढचं विसरल्या की काय. आमच्या वेळी प्रश्न संपायच्या आत छडी वर असायची. इथे आधी प्रत्येकाने मनाशी विचार करायचा, मग शेजारच्याला सांगायचं, कुठल्याही भाषेत. नाहीतर चित्र काढायचं. एक पोरगा म्हणाला, घडीचा आधी वाळेल. मी डोळे मिटले, आता बसणार याला! पण बेन म्हणाल्या, "असं का वाटतं तुला?" आणि खरंच ऐकत राहिल्या.

मग कोमलच्या शेजारची हेतल उठली. कोमलने तिच्या कानात मराठीत सांगितलेलं ती गुजरातीत सांगत होती: कोमलची आई साडी आखूड दोरीवर चार पदरी करून टाकते, ती वरून वाळते, आतून संध्याकाळपर्यंत ओलीच. आणि पाठोपाठ कोमलच म्हणाली, मोठ्याने, "अंदर भीनी!"

माझी साडी! शाळेत! अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. त्यात बेननी मलाच विचारलं, "असं का होत असेल? तुम्हाला काय वाटतं?"

मी ताडकन उभी राहिले, हाताची घडी घालून. मला काय वाटतं, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. बेन वाट बघत होत्या. शेवटी पुटपुटले, "आत वारा लागत नाही."

"तो दोरी लांबी बांधो ने, मासी!" मघाचा तो पोरगा म्हणाला. सगळे हसले. मी पण.

दाखला न मागताच परतले. हे भडकले. मी म्हटलं, "उद्या तुम्ही जा, मागच्या बाकावर बसा, मग बोलू." गेले. रात्री जेवताना कोमलला म्हणाले, "काय गं, वर्गात माझ्यापेक्षा चांगलं गुजराती बोलतेस की!" दाखल्याचा विषय तिथेच संपला.

आई, तू फोनवर विचारतेस, घरी कधी येणार. परवा तोंडातून निघून गेलं, "घरीच आहे की." मीच दचकले. तुझं घर मनातून पुसलं नाही गं. पण माझी लेक जिथे बोलायला लागली, ते परकं कसं म्हणू?

अजून धास्ती वाटते, हे सगळं कुणी काढून घेईल की काय. तरी वैशालीबेन, शब्द देते. सुटलेली शाळा मी पुन्हा धरीन, आणि आमच्याकडचं एखादं नवं, बावरलेलं लेकरू तुमच्या वर्गात आलं की त्याच्या शेजारी येऊन बसेन. वेळ लागेल मला. पण येईन.