दिवे ठीकच होते

माझ्या मुलाला घरात सगळे धडपड्या म्हणायचे. नाव मीच ठेवलेलं. तो चार वर्षांचा असेल तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी वीज गेली की हा हमखास कुठेतरी आपटायचा. दाराची चौकट, खुर्चीचा पाय, बाथरूममधली बादली, काही म्हणजे काही सोडायचा नाही. गुडघे कायम सोललेले. शेजारीण म्हणायची, "याला झोपतानासुद्धा हेल्मेट घालत जा." मी हसायचे, मलम लावायचे आणि म्हणायचे, "पुढे बघून चालावं रे, धडपड्या."

तो पुढे बघूनच चालत होता. त्याला दिसत नव्हतं ते बाजूचं.

आता तो एकोणतीस वर्षांचा आहे. ऑफिसांमधले मोठाले प्रिंटर दुरुस्त करतो. प्रिंटरमधून निघालेल्या कागदावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका असला तरी तो हातभर अंतरावरून सांगतो की आतला कुठला रूळ खराब झालाय. त्याच्या कंपनीत नवीन माणसं त्याच्याकडे शिकायला पाठवतात. लायसन्सच्या वेळी तक्त्यावरची शेवटची ओळ त्याने घडाघडा वाचली होती. घरी येऊन मला म्हणाला, "बघ, तुझ्या धडपड्याची नजर शंभर टक्के." मी त्या दिवशी दोनदा देवापुढे हात जोडले. दोनदा का, हे फक्त मला माहीत होतं.

माझे वडील, अप्पा, शिंपी होते. बेचाळिसाव्या वर्षी त्यांना दिसायचं पार बंद झालं. त्याच्या आदल्या वर्षीपर्यंत ते सुईत दोरा एका झटक्यात ओवत आणि मशीनवरून उठताना शेजारच्या स्टुलावर कोसळत. गिऱ्हाइकं हसायची, अप्पाही हसायचे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा आईने ते कुणाजवळ काढलं नाही. पुढे मला स्थळं येऊ लागली. आईने, मामाने आणि मी, तिघांनी बसून ठरवलं की विचारलंच कुणी तर सांगायचं, साखरेने डोळे गेले.

मी बी.एस्सी. आहे. दुसऱ्या वर्षाच्या पेपरात हाच प्रश्न होता. दोष बापाकडून मुलीकडे जातो, तिला सहसा त्रास होत नाही, तिच्याकडून तिच्या मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी. आकृतीसह स्पष्ट करा. आकृतीत मुलीचं वर्तुळ अर्धं काळं करायचं असतं. ते मी पेन्सिलने फार नीट केलं होतं. मला दहापैकी नऊ मिळाले. तरी लग्नानंतर मुलगा झाला, तेव्हा मी मनाशी धरून बसले की अप्पांचं अप्पांबरोबर गेलं. मला दिसतंय ना, मग ते माझ्यापाशी येऊन संपलं. शिकलेल्या माणसाने स्वतःला किती सहज फसवावं याला काही सीमा नसते.

दीड वर्षापूर्वी त्याने गाडी घेतली. बॅटरीवरची, पांढरी, नवी कोरी. प्रिंटरचे सुटे भाग घेऊन दिवसाला पाच-सहा ऑफिसं करायची, त्याला ती परवडायची. पार्किंगमध्ये खांबाजवळ त्याने स्वतः सॉकेट बसवून घेतलं. नारिंगी वायरचं वेटोळं खिळ्याला लटकलेलं असे. गाडीचं ॲप त्याने माझ्याही फोनवर टाकून दिलं, कारण मी दर तासाला "कुठे आहेस?" विचारून त्याला भंडावून सोडायचे. आता फोनवर "चार्जिंग सुरू झाले" असं आलं की मला कळायचं, पोरगा खाली आलाय. मग मी ताटं घ्यायचे.

"आपल्याकडे उगाच दारावर बेल आहे," त्याचे बाबा म्हणायचे. "हिला वायरच सगळं सांगते."

गाडीचा आवाज नाही, धूर नाही. पाय उचलला की आपोआप हळू होते. तो लहान मुलासारखा खूश होता. पहिल्या थंडीत दिवस लवकर मावळू लागले आणि एका संध्याकाळी जेवता जेवता तो म्हणाला, "आई, या गाडीचे दिवे अगदीच मिणमिणते आहेत. कंपनीने बनवलंय काय, देव जाणे. रस्त्याच्या कडा दिसतच नाहीत."

 त्या क्षणी मला कळलं होतं. मला शंका आली, धाकधूक वाटली असं लिहून मी स्वतःला सूट देणार नाही. कळलं होतं. आणि मी म्हटलं, "मग मेकॅनिकला दाखवून घे ना."

त्याने दाखवलं. मेकॅनिकने गाडी भिंतीसमोर उभी केली, पट्टी लावून भिंतीवर खडूने रेघ मारली आणि दिवे लावले.

"दादा, उजेड बरोबर रेघेखाली पडतोय. दिवे ठीक आहेत."

"मग मला दिसत का नाही?"

"काच पुसून बघा."

त्याने काच पुसली, पॉलिश केली. स्टिअरिंगशेजारच्या चाकाने उजेडाचा झोत वर उचलला, मग आणखी वर. समोरून येणारे लोक डिपर मारायचे, खिडकीतून ओरडायचे. "लोकांना सवयच असते बोंबलायची," असं तो घरी येऊन सांगायचा. शेवटी त्याने दोन्ही दिवे बदलायचं ठरवलं. त्यात नुसता बल्ब बदलता येत नाही, अख्खी पेटीच नवी घ्यावी लागते. मेकॅनिक नको नको म्हणत होता. ह्याने घेतलीच.

नवे दिवे बसवले त्या संध्याकाळी तो मला फेरीला घेऊन गेला. रस्ता पिठासारखा पांढरा पडला होता. झाडाचं पान न् पान मोजून घ्यावं असा लख्ख उजेड. आणि तो स्टिअरिंगवर छाती टेकवून, मान पुढे काढून, काचेला नाक लावल्यासारखा चालवत होता. अप्पा रस्त्यावरून असेच चालायचे.

"काही फरक नाही गं," तो म्हणाला. "तुला दिसतंय का काही?"

"नाही रे," मी म्हटलं. "उजेड कमीच वाटतोय."

यानंतर सात महिने गेले. मी त्याला संध्याकाळच्या आत घरी बोलवायला कारणं शोधत राहिले. पाहुणे येणारेत, बाबांना बरं वाटत नाहीये, गॅस संपलाय. बाबांना तर महिन्यातून चार वेळा बरं वाटेनासं झालं. ते वैतागून म्हणाले, "अगं, मला निदान कळू दे तरी मला काय झालंय ते!" मी हसून वेळ मारून नेली. त्या सात महिन्यांत त्याने कुणाच्या अंगावर गाडी घातली नाही, ही माझी पुण्याई नव्हे. नुसतं नशीब.

मग टायर गेले. रविवारी सकाळी तो म्हणाला, "चल आई, टायर बदलून आणू, येताना तुझी भाजी घेऊ." टायरवाला गुडघ्यावर बसला, चाकावरून हात फिरवला.

"ह्या बॅटरीच्या गाड्या जड असतात. टायर लवकर खातात, ते ठीक आहे." त्याने मान वर केली. "पण डावीकडच्या दोन्ही टायरचे गाल सोललेत. हे बघा, दोरे निघालेत. फुटपाथला घासत चालवतं का कोणी?"

"पार्किंग अरुंद आहे आमचं," मुलगा म्हणाला.

"दादा, पार्किंगमध्ये रोज एवढं घासलं तर भिंत झिजली असती." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काकू, गाडी तुम्ही तर नाही ना चालवत?"

तिघंही हसलो.  डावीकडचे दोन्ही गाल सोललेले. चार वर्षांच्या गुडघ्यांसारखे.

टायरवाल्याने नवे टायर आणून टेकवले. चकचकीत काळे, सगळीकडे रबराचे बारीक केस आलेले, आत आवाज कमी करायला स्पंजचा पट्टा. मुलगा वाकून टायरच्या कडेवरचा तांदळाएवढा आकडा वाचायला लागला. "कुठल्या आठवड्यात बनलाय ते लिहिलेलं असतं. हा बघ, ताजा आहे." मला चष्मा लावूनही तो आकडा लागेना. त्याने एका नजरेत वाचला, खुशीत सरळ झाला, एक पाऊल बाजूला टाकलं आणि तिथेच ठेवलेल्या लाल जॅकवर धाडकन पडला. लख्ख ऊन होतं. जॅक चांगला गुडघ्याएवढा.

"अहो, समोर तर होता!" टायरवाला धावला.

समोर नव्हता. हातभर डावीकडे होता.

चारही टायर चढवून झाले. आम्ही गाडीत बसलो. कोपर सोललं होतं, तो रुमाल दाबून हसत होता. "पुढे बघून चाल म्हण की."

"गाडी सुरू करू नकोस," मी म्हटलं.

"का?"

मी सांगितलं. अप्पांचं स्टूल, साखर, मामा, पेपरातला प्रश्न, सगळं. इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते पाच मिनिटांत सांगून झालं. त्याने एकदाही मला मध्ये तोडलं नाही. 

"म्हणजे दिवे ठीकच होते," तो म्हणाला.

"हो."

"आणि तुला त्या दिवशी गाडीत स्वच्छ दिसत होतं."

"हो."

"तू म्हणालीस, कमी वाटतोय."

 मला गाडी येत नाही, म्हणून शेवटी त्यानेच घरापर्यंत आणली, सायकलच्या वेगाने. मागचे हॉर्न वाजवत होते. मी डावीकडची खिडकी उघडून फुटपाथ किती लांब आहे ते सांगत होते. भाजी राहिली.

डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही टॅक्सीने गेलो. तिथे एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसायचं असतं. आत इकडेतिकडे प्रकाशाचे ठिपके चमकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी पडद्याबाहेर बसले होते. बटणाचा टिक आवाज बाहेर येत होता. एकदा आला. मग आलाच नाही. मी शंभरपर्यंत मोजलं. मध्येच लागोपाठ तीन टिक, आणि पुन्हा नुसती शांतता. कुणी माझा निवाडा करत बसलंय आणि त्याला बोलायला शब्दही लागत नाहीत, असं वाटलं.

डॉक्टर बाई तरुण होत्या. कागदावर त्यांनी काळ्या वर्तुळाच्या मध्ये एक छोटंसं पांढरं वर्तुळ दाखवलं. एवढंच उरलं आहे, हेही हळूहळू आकसेल. औषध आज तरी नाही. गाडी आजपासून बंद. पांढऱ्या काठीचा सराव दिसतंय तोवरच सुरू केलेला बरा.

"आईच्या बाजूला कुणाला होतं?" त्यांनी विचारलं.

"आजोबांना साखर होती," मुलगा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "असं सांगायचे."

त्याचे बाबा मला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "मी एकतीस वर्षं लोकांना सांगत आलो, सासऱ्यांना साखर होती." त्यानंतर त्यांनी चहाची कपबशी स्वतः विसळून ठेवली, जे ते कधी करत नाहीत. घरात आता कुणी धडपड्या म्हणत नाही. त्याच्या खोलीतला दिवा रात्रभर चालू असतो.

गाडी विकायची नाही म्हणतो. टायरांवरचे रबराचे केस अजून तसेच आहेत. जाता येता तो त्यावरून बोटं फिरवतो. बॅटरी बिघडू नये म्हणून पंधरवड्याने थोडी चार्ज करतो. माझ्या फोनवर "चार्जिंग सुरू झाले" येतं आणि मी आता ताट घ्यायला उठत नाही, कारण तो घरातच असतो.

दर रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं खाली जातो. ही पद्धत त्यानेच काढली. तो चालकाच्या सीटवर बसतो, डोकं मागे टेकवतो, दिवे लावतो. मी समोरच्या भिंतीपाशी झोताच्या मधोमध उभी राहते. तो भिंतीवर माझ्या डोक्यामागून वर जाणाऱ्या पाइपवर नजर धरून ठेवतो आणि मी भिंतीला पाठ लावून एकेक बोट डावीकडे सरकत जाते. त्याच्या नजरेतून मी सुटले की तो म्हणतो, "गेलीस." पहिल्या रविवारी तिथे मी खडूने रेघ मारली. ती आठ महिने झाले तिथेच आहे. तीच आमची खूण. तिच्यापर्यंत मी दिसत राहिले की त्याचा आठवडा बरा जातो.

या रविवारी मी सरकत होते. डोळ्यांवर इतका उजेड, की मला त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"गेलीस," तो म्हणाला.

मी मान वळवून बघितलं. खडूची रेघ अजून चांगली वीतभर लांब होती.

"आई? किती?"

मी हात लांब केला. बोटं रेघेला लागली.

"रेघेवरच आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि त्याने दिवे बंद केले. त्याला हाताला धरून वर नेताना माझ्या बोटांवरचा खडू त्याच्या बाहीला लागला. तो त्याने अजून बघितलेला नाही.