एका घरात तीनच एसी

एवढा बोलतो मी, पण ही एक गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आणि माझं तोंड काय चीज आहे हे तुम्हाला ठाऊक नाही म्हणून सांगतो. पुंगोलच्या कालव्याकाठी मला घोरपड दिसली, तर माझ्या गोष्टीत तिची मगर होते, आणि ऐकणाऱ्याने चहाचा दुसरा कप पुढे केला तर मगरीला पिल्लंही होतात. सिंगापुरातल्या निम्म्या मराठी घरांत मला जेवायला बोलावतात ते माझ्या गोष्टींसाठी. उरलेल्या निम्म्यांत बोलावत नाहीत, तेही त्यासाठीच. असा माणूस एखादी गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवतो, म्हणजे ती कसली असेल, तुम्हीच बघा.

गोष्ट एसीची आहे. हसू नका.

पुंगोलला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हाची. सरकारी फ्लॅट, नवाकोरा, तीन बेडरूम — बेडरूम म्हणायचं आपलं, पलंग ठेवला की माणसाने पाय कुठे ठेवायचा ते आधी ठरवावं लागतं. घर काडेपेटीएवढं, उकाडा मात्र अख्ख्या राजवाड्याचा. घरात मी, बायको मेधा, तेव्हा प्राथमिक शाळेत असलेली मुलगी ईरा आणि आई. बाबा गेल्यावर आईला मी सांगलीहून इकडे आणलं होतं, दर दोन-चार वर्षांनी नव्याने मागावा लागणाऱ्या मुक्कामाच्या पासवर. त्या पासचा आईला एवढा धाक की तो देवघरात, बाळकृष्णाच्या मागे ठेवलेला असायचा.

आता एसी. एसी बसवणारे लिम अंकल आले आणि त्यांनी कोटेशन काढलं. तुम्ही कधी एसी बसवलाय का हो? मशीनची किंमत ऐकून माणूस म्हणतो, ठीक आहे, झेपेल. मग कळतं की तांब्याच्या पाइपचे वेगळे. पाइपला गुंडाळायच्या काळ्या फोमचे वेगळे. तो काळा फोम वाईट दिसतो म्हणून वरून पांढरी पट्टी मारायची, तिचे वेगळे. पाणी वाहून न्यायला आणखी एक पाइप. बाहेरचं युनिट ठेवायला लोखंडी ब्रॅकेट. मला वाटलं, आता ब्रॅकेटवर उभं राहून घाम पुसायचेही लावतील. एसी म्हणजे नुसती नवरी हो — खर्च सगळा वऱ्हाडाचा!

त्यात मेख अशी, की तीन एसीपर्यंत बाहेर एक युनिट पुरतं. चौथा हवा असेल तर बाहेरचं मोठं घ्या, वायर जाड घ्या, इलेक्ट्रिशियन वेगळा बोलवा. तीन आणि चार यांच्यामध्ये बाराशे डॉलरची दरी. आणि घरात जागा चार: आमची खोली, ईराची खोली, आईची खोली आणि हॉल.

एक गाळायची होती. कोणीही शहाणा माणूस हॉल गाळेल. हॉलमध्ये झोपतं कोण?

पण माझं दुकान तर हॉलमध्ये! शनिवारी मंडळी जमायची, पंधरा-पंधरा जण, भेळ, चहा आणि मी. घामाघूम माणूस मगरीवर विश्वास ठेवत नाही, हा माझा अनुभव आहे. त्याचं लक्ष माझ्याकडे नसतं, पंखा कुठल्या बाजूला वळतोय तिकडे असतं. मग मी काय केलं? — तेच सांगायचंय, आणि बघा, कसा वळसे घेतोय.

मी आईची खोली गाळली.

लिम अंकल भिंतीला भोक पाडत होते आणि आई मेथी निवडत बसली होती. भोकं तीनच पडली तेव्हा तिने विचारलं, "माझ्या खोलीत नाही का रे बसवत?" तक्रार नव्हती त्यात. आज पाणी नाही का आलं, असं विचारावं, तसं. "आई, पैसे संपले" म्हटलं असतं तरी तिने मेथीची काडी मोडत "मला कशाला हवाय" म्हटलं असतं. पण पैसे संपले तर मग हॉलमध्ये कसा, हा पुढचा प्रश्न आला असता. तिने विचारला नसता हो. मला ऐकू आला असता.

तेव्हा मी म्हणालो, "सरकारचा नियम आहे, आई. एका घरात तीनच एसी."

किती सहज! मगरीसाठी मला अर्धा तास वातावरण तयार करावं लागतं. याला लागला नाही. सांगलीत मी असा नियम सांगितला असता, तर आईने तिथल्या तिथे नगरसेवकाला फोन लावून तो वाकवून घेतला असता. पण इथे? आपल्या लोकांना इथे काय होतं कोण जाणे. गावी सिग्नलला न थांबणारा माणूस इथे रिकाम्या रस्त्यावर सिग्नलमधल्या हिरव्या माणसाची वाट बघत हात जोडून उभा असतो. इथे मगर कोणालाच खरी वाटत नाही, पण "नियम" म्हणा — लगेच माना डोलतात.

"हो का?" आई म्हणाली. "मग नको बाबा. उगाच माझ्या पासवर यायचं."

मेधा स्वयंपाकघरात होती. तिने सगळं ऐकलं. "सरकार तुझ्या तोंडून बोलतं, हे मला माहीत नव्हतं," एवढंच ती म्हणाली. पुढच्या बोनसला चौथा बसवू, असं मी तिला सांगितलं. बोनस आला, त्याची बालीची सहल झाली. पुढचा आला, त्याचा सोफा झाला. आई टेबलफॅनपुढे ओला नॅपकिन मानेवर टाकून पोथी वाचायची. पाठीवर घामोळं. "आजी, यू कम स्लीप इन माय रूम लाह," ईरा दर आठवड्याला इथल्या इंग्रजीत म्हणायची, पण त्या पोरीच्या खोलीत श्रीखंड गोठेल एवढी थंडी. आजीचे गुडघे आखडायचे.

आणि वैताग कसला सांगू? आई त्या नियमाची हवालदारीण झाली! खाली बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायची. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांतून दिसणारे एसी मोजायची आणि "त्या सातव्या मजल्यावरच्याला चार दिसतात रे, बिचारा पकडला जाईल" म्हणून हळहळायची. मी दात-ओठ खायचो. अगं बाई, एकदा तरी शंका घे! सांगलीत वाण्याचा तराजू उलटा करून बघणारी तू!

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे गमतीची गोष्ट म्हणून केव्हाच विकलं असतं. थांबलं नाही.

आईला इथे एकच मैत्रीण मिळाली. सुशीलाबाई मेश्राम, नागपूरच्या. मुलगा प्रशांत जुरोंग आयलंडवरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनिअर, घर हौगांगला. दोघी आठवड्यातून तीनदा भेटायच्या — एकदा इकडच्या बाजारात, एकदा तिकडच्या, आणि शनिवारी आमच्या हॉलमध्ये. सावजी मसाल्यात नुसतं तिखट असतं की अक्कल पण असते, यावर त्यांचं भांडण मला वाटतं अजून मिटलेलं नाही. शेजारच्या चिनी आजीशी आई खुणांनी बोलायची. पोट भरून बोलणं सुशीलाबाईंशीच. त्यांच्या घरी तीन एसी होते आणि प्रशांत आईच्या खोलीत चौथा लावणार होता. सुशीलाबाईंनी त्याला अडवलं. कारण माझ्या आईने त्यांना नियम सांगितला होता.

प्रशांतने मला विचारलं. माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच थंड हवेत, शनिवारी. "दादा, ते तीनचं खरं आहे का? मला कुठे लिहिलेलं सापडलं नाही."

पंधरा माणसं माझ्याकडे वळली. सोफ्यावर शेजारी शेजारी आई आणि सुशीलाबाई. आई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता — बघ, आता माझा मुलगा सांगेल.

त्या वेळी बोलायला हवं होतं की नाही? एक वाक्य. हशा झाला असता, आईने डोळे वटारले असते, प्रशांतने दुसऱ्या दिवशी एसी आणला असता. मी काय केलं? मी रंगात आलो! म्हणालो, कुठे सापडणार, आतलं परिपत्रक आहे. म्हणालो, वजनाचा प्रश्न आहे, चौथ्या एसीमुळे वुडलंड्सला एक अख्खी इमारत बोटभर कलली, चहा कपाच्या एका कडेला जमायला लागला. लोक खो-खो हसले. प्रशांतही हसला. पण तो जिथे काम करतो तिथे छत्री उघडायलाही परवाना लागत असेल. नियम नसेलच, असं त्या बिचाऱ्याच्या डोक्यात येईना. आणि सुशीलाबाई हसल्या नाहीत. "नको रे बाप्पा," त्या म्हणाल्या. "माह्या थंडाव्यापायी पास गेला तं?"

पुढच्या उन्हाळ्यात — इथे बारा महिने तोच, पण आपण म्हणतो — त्या नागपूरला निघून गेल्या. "तिथं माहा कूलर हाय," म्हणाल्या, "इथं जीव कावतो." ऐका नीट. नागपूरची बाई, जिथे मे महिन्यात कावळासुद्धा सावली बघून बसतो, ती उकाड्याला कंटाळून सिंगापूर सोडून नागपूरला गेली. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी जराही फुगवलेली नाही.

त्यांना सोडून विमानतळावरून आम्ही परत आलो तेव्हा आई पिशवी हातात धरून बराच वेळ दारातच उभी राहिली. "आता बाजारात कोणाबरोबर जाऊ?" असं म्हणाली. मला विचारलं नव्हतं. मी एसी लावला. हॉलमधला.

गेल्या वर्षी ती मशीनं मेली. तिन्ही, पाठोपाठ. दुरुस्तीत नव्याच्या निम्मे पैसे गेले आणि मग नवी घ्यावी लागलीच. मेधा म्हणाली, "या वेळी चार. आणि सरकारशी मी बोलेन." लिम अंकल, आता आणखी पांढरे झालेले, चार खोकी घेऊन आले आणि माझी आई दारात आडवी उभी राहिली.

"नो, नो. थ्री ओन्ली. गव्हर्नमेंट रूल."

"व्हॉट रूल, आंटी?" लिम अंकल माझ्याकडे बघायला लागले. "गॉट सच रूल मेह?"

सगळे माझ्याकडे. लिम अंकल, आई, ईरा — ईरा आता सतरा वर्षांची आहे, तिला सगळं कळतं. मेधा ओट्याला टेकून हाताची घडी घालून उभी. देवाने ताटात वाढून दिलेली संधी. आणि मी?

"बदलला, आई," मी म्हणालो. "नियम बदलला."

ईरा उठून तिच्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. नुसतं लावून घेतलं. मेधाने लिम अंकलना पाणी दिलं.

आईचा चेहरा काय फुलला, काय सांगू! तिच्या खोलीत वारा सुरू झाला तेव्हा ती पलंगाच्या कडेला हात मांडीवर घेऊन बसली, परीक्षेला बसल्यासारखी. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हाताऱ्यांची दया आली म्हणायची त्यांना." संध्याकाळपर्यंत मात्र तिने कोणाला दया आली याचा छडा लावला होता. सरकार आपणहून कशाला बदलेल? माझा मुलगा एवढा बोलका. यानेच खेटे घातले असणार. इतकी वर्षं घालत असणार, आणि घरात चकार शब्द काढला नाही! दुसऱ्या दिवशी खालच्या बाकावर ही बातमी पक्की झाली होती. माझ्या आईने माझ्यावर गोष्ट रचली, आणि ती माझ्या कुठल्याही गोष्टीपेक्षा लोकांना खरी वाटली.

मी खोडून काढली नाही.

रविवारी तिने सुशीलाबाईंना व्हिडिओवर फोन लावला. फोन फिरवून फिरवून एसी दाखवला. "आता ये गं," म्हणाली, "आता तुझ्या खोलीतही लागेल." सुशीलाबाई बारीक झाल्या आहेत. आता विमानात बसवत नाही, म्हणाल्या, डॉक्टर नाही म्हणतो. मग आईने फोन माझ्या तोंडासमोर धरला. "यानेच बदलून घेतला नियम. बोल, बोल मावशीशी."

"जय भीम, मावशी," मी म्हणालो.

"जय भीम, पोरा." त्या पडद्याजवळ आल्या. "मायसाठी एवढं केलंस. तुह्यासारखा पोरगा साऱ्यायले भेटो."

आई शेजारी उभी होती. मी फोनपुढे वाकून नमस्कार केला, आणि म्हणालो, "तुमचाच आशीर्वाद, मावशी."