अंड्यांचा कूलर

"कूलरचं तोंड कोणी फिरवलं गा?"

उन्हाळाभर आमच्या विभागातल्या ज्येष्ठ मॅडमचं पहिलं वाक्य हेच असायचं. आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कूलर एकच, आणि त्याची हवा आम्हा मास्तरांवर नाही, त्यांच्या अंड्यांच्या पेटीवर जायची. फिरवलेला असायचा बहुधा मीच. मी मान खाली घालायचो; त्या पदर खोचून तो जड डबा पुन्हा पेटीकडे वळवायच्या.

तुम्ही नागपूरचा मे काढला असेल तर हसणार नाही. उबवणीच्या पेटीला फक्त तापवता येतं. खोलीच अंड्यांना सोसेल त्याहून गरम झाली, तर पेटी बिचारी काय करणार? नव्या क्लार्कनं एकदा विचारलं, "मॅडम, अंडे उबवायले कूलर लागते?"

"नागपुरात लागते," त्या म्हणाल्या आणि त्यालाच कूलरमध्ये टाकायला पाणी आणायला पाठवलं.

त्या काटोलच्या संत्रेवाल्या घरातल्या. वर्गात इंग्रजी, पण मनातलं बोलायचं तर वऱ्हाडी. गर्भात पेशींच्या थराखाली एक अतिशय पातळ पडदा असतो, बेसमेंट मेम्ब्रेन. कोलॅजनच्या धाग्यांची जाळी त्याला बळ देते. मॅडमना ध्यास त्या पडद्याचा. "मांडवात पहिले सतरंजी पडते, मंग पाहुणे बसते," त्या म्हणायच्या. "फोटो मात्र पाहुण्यायचेच निघते."

कोंबडीच्या गर्भातलं कोलॅजन विरघळवलं, तर तो पडदा नेमका कधी फाटतो, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांचा अंदाज ठरलेला होता. "आधी काहीच दिसत नाही गा. हृदय धडधडाले लागलं, ताण पडला, का फाटते." ते दाखवणारी, टप्प्याटप्प्याच्या गर्भांच्या काचपट्ट्यांची एक सलग मालिका तेवढी व्हायची राहिली होती. मेअखेर त्या निवृत्त होणार होत्या आणि प्रयोगशाळेच्या खोलीत कॉम्प्युटर येणार होते.

शेवटची अंडी पेटीत असताना भरदुपारी वीज गेली. आम्ही दोघांनी पेटीवर ओले पंचे टाकले आणि पुठ्ठ्यांनी वारा घालत राहिलो. पंचे वाळायचे, पुन्हा भिजवायचे. माझे खांदे भरून आले.

"थकला असशीन तं बस गा," त्या म्हणाल्या.

मी बसलो नाही. पण मला बसायचं होतं, आणि ते त्यांना दिसत होतं.

वीज संध्याकाळी आली. त्यांनी एक अंडं फोडलं, सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिलं. मग दुसरं, मग बाकीची. हृदय एकातही हलत नव्हतं. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्याच्या आधी क्षणभर हायसं वाटलं, की आता हात खाली ठेवता येतील. त्या क्षणाची लाज अजून जात नाही.

"पुन्हा लावू, मॅडम," मी म्हणालो.

"काहून गा? आता दिवस कुठं राहिले?" त्यांनी कोऱ्या काचपट्ट्या पुसून डब्यात ठेवल्या.

निरोपाच्या कार्यक्रमात त्या दोन वाक्यं बोलल्या आणि मुलीकडे राहायला पुण्याला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळा उघडली. पेटी बंद होती, तिची वायर गुंडाळून वर ठेवलेली. कूलर काठोकाठ भरलेला होता आणि त्याचं तोंड माझ्या खुर्चीकडे होतं. मी बटण दाबलं. वाळ्याचा वास आला, गार हवा थेट अंगावर आली. किती वर्षं हवी होती ती मला.

थोड्या वेळानं मी उठलो आणि खुर्ची त्या हवेतून बाजूला सरकवली.