चवथीआधी लावलेले पडदे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे तुम्हाला माझी दया यायला लागेल. निदान यावी, अशी माझी इच्छा आहे.

पाचवीपासून मी घराबाहेर. आधी वसतिगृहाची शाळा, मग बेंगळुरूचं कॉलेज. मे महिन्यात यायचो, आंबे खायचो, परत जायचो. मागच्या वर्षी ठरवलं, आता गावातच राहायचं आणि गावासाठीच काहीतरी करायचं. आमचं गाव लाटंबार्से. भातशेती, काजूच्या बागा, आणि त्या सगळ्यांचं भलं करायला निघालेला मी. आल्या आल्या घरातली प्लास्टिकची बादली हद्दपार केली. आई ती न्हाणीघरामागे लपवून वापरत होती, हे मला फार उशिरा कळलं.

तर मी परतल्यावरची पहिलीच चवथ तोंडावर आलेली. गणेश चतुर्थीला आमच्याकडे चवथच म्हणतात. घरभर पाहुणे येणार म्हणून आईने नवे पडदे शिवून घेतले होते. पुढच्या खोलीला पातळ, पश्चिमेच्या खोलीला उन्हासाठी जाडजूड, स्वयंपाकघराला आखूड.

"उद्यां साखळीच्या बाजारासून पडद्यांक स्टीलचे दांडे हाडतंय," बाबा म्हणाले.

स्टील? आमच्या घरात? मी उभाच राहिलो. आपलं लाकूड, आपले कारागीर, आपल्या हातांवरचा आपला उडालेला विश्वास, असं बरंच बोललो. बाबांनी मधेच पेपर उघडला.

"कर तुका जमता तसा," ते पेपरामागून म्हणाले.

मग मी अभ्यासाला लागलो. पडद्याचा दांडा ही काय साधी गोष्ट आहे? तो खिडकीच्या दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर यायला हवा. जाड पडद्याला जाड दांडा लागतो, नाहीतर मधोमध पोट सुटतं. खिडकीची दारं आत उघडत असतील तर दांडा भिंतीपासून पुढे घ्यावा लागतो. आणि आमच्या घरात एकसारख्या दोन खिडक्या नाहीत. घर जसं वाढत गेलं, तशी ज्याला जी मिळाली ती त्याने बसवली.

लाकूड शोधायला माळ्यावर चढलो, तर कोपऱ्यात एक चौकट उभी. काळसर, जड, तेल प्यायलेलं लाकूड. चारी बाजूंना लांब दांडे, मध्ये आडव्या पट्ट्या. मोडक्या खाटेचा सांगाडा, मी निदान केलं. आणि काय सांगू, इतकं सुंदर लाकूड तिथे धूळ खात पडलेलं.

आई शाळेत शिकवायला गेली होती, बाबा बागायतीत. म्हटलं, दोघांना चकित करू. खुंट्या ठोकून चौकट सुटी केली. दोन दांडे पुढच्या खोलीला, चार बोटं कापल्यावर अगदी बेतशीर. उरलेले दोन मधोमध कापून बाकीच्या खिडक्यांना. खोबरेल तेलाने पुसले तर आरशासारखे चमकायला लागले. आडव्या पट्ट्या उरल्या, त्या शेजारच्या सुमनकाकीच्या स्वयंपाकघरात स्वतः लावून दिल्या. तिला भाषणही दिलं, तेही फुकट.

एकच अडचण. दांड्यांवर जागोजागी खाचा होत्या. पडद्याची कडी खाचेत गेली की तिथेच बसायची.

"बाबू, ह्यो पडदो सरकत नाय मरे," आई म्हणाली.

"आई, घाई कशाला? एकेक कडी उचलायची आणि पुढे न्यायची. त्यातही एक ध्यान आहे."

त्यानंतर रोज सकाळी आई एकेक कडी उचलून पडदे उघडायची. तिचे ओठ हलत असायचे. मंत्र नसावेत ते.

चवथीच्या आदल्या दिवशी थोरले काका आले. ते इब्रामपूरला राहतात, पण गणपती सगळ्यांचा मिळून आमच्या घरी. गणपतीच्या वर छताला माटोळी टांगतात, म्हणजे नारळ, सुपारीचे घोस, पपनसाएवढं तोरिंगण, कवंडळ आणि रानातली काय काय फळं. ती बांधायचा मान काकांचा, दुसरं कुणी तिला हातही लावत नाही. त्यासाठी आठवडाभर ते रान पालथं घालतात. आमच्याकडे येणारा माणूस आधी वर माटोळीकडे बघतो, मग देवाला हात जोडतो. त्यात दर वर्षी एखादं असं फळ असतं, ज्याचं नाव फक्त काकांना ठाऊक. ते नाव कुणी विचारलं की काकांची चवथ साजरी झाली.

काका पिशवी ठेवून माळ्यावर गेले आणि तसेच खाली आले.

"माटोळी खंय?"

कुणालाच माहीत नव्हतं. बाबा वर जाऊन आले, आई वर जाऊन आली. काका पायरीवर बसले. "आज्यान केल्ली ती," ते म्हणाले. "तिच्याबगर बांधूची कशी?" पिशवीतल्या फळांकडे ते अशा नजरेने बघत होते की माझा जीव तुटला.

मी शोधायला निघालो. आता माटोळी मी पाहिली नव्हती असं नाही. लहानपणी पाहिली होती, पण सजलेली. पानाफळांत बुडालेलं काहीतरी अवाढव्य एवढंच आठवत होतं. ते मी गोठ्यात शोधलं, विहिरीमागे शोधलं, भाताच्या कणगीतही वाकून पाहिलं.

"चोरीला गेलीय," मी जाहीर केलं. "अशा वस्तू किनाऱ्यावरच्या हॉटेलांत शोभेला लावतात. मी सोडणार नाही."

मोबाइल काढला आणि गावाच्या ग्रुपवर लिहिलं: 'आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा कुणा करंट्याने पळवला आहे. ज्याला स्वतःच्या मातीची ओळख नाही, तोच असं करू शकतो.' पाठवून टाकलं.

"काका, आता वर्णन सांगा. म्हणजे लोकांना ओळखता येईल."

"किंदळीच्या लाकडाची चौकट," काका म्हणाले. "चार लांब दांडे."

"चार... लांब... दांडे," मी लिहीत गेलो.

"मदीं आडव्यो पट्ट्यो."

"पट्ट्या. पुढे?"

"आनी दांड्यांक खाचो. नारळाची दोरी सरकाची नाय म्हणान."

माझा अंगठा थांबला. मी खिडकीकडे बघितलं नाही. पण आई तिथेच पडदा उघडत होती, आणि तिचा हात कडीवर तसाच राहिला.

"बाबू," ती इतक्या हळू म्हणाली की ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. ग्रुपवर सुमनकाकीचं उत्तर आलं होतं: 'असल्यो पट्ट्यो माझ्या रांदपाच्या खोलीत आसत. बाबूनच लावन दिल्यान.'

काका उठले. खिडकीशी गेले, दांड्याच्या कापलेल्या टोकावरून बोट फिरवलं.

"कापलंस मात्र सरळ," ते म्हणाले.

पडदे उतरले. सुमनकाकीकडून पट्ट्या परत आल्या, सोबत तिची सगळी मुलं बघायला आली. काकांनी अर्धे दांडे सुंभाने पुन्हा जोडले, चौकट बांधली, फळं टांगली. पण जोडलेला दांडा तो जोडलेलाच. वजन पडताच चौकटीचं पोट नेमकं देवाच्या जागेवर खाली आलं. काकांनी मधोमध एक दोरी बांधली, वरच्या वाशावरून घेतली आणि ओढली. चौकट सरळ झाली. आता दोरीचं दुसरं टोक बांधायचं राहिलं. खिडकीचा गज तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी गणपती बसायच्या वेळी काकांनी ते टोक गजावरून सोडलं आणि माझ्या कमरेला बांधलं.

"हालू नको," ते म्हणाले. "तू हाललंस की तोरिंगण देवाच्या माथ्यार."

पूजा झाली, आरती झाली, मी तिथेच. आईने तोंडात नेवरी भरवली. बिनपडद्यांच्या खिडक्यांतून शेजारपाजारचा अख्खा वाडा आत बघत होता आणि मी बाहेर.

मग वाड्यावरचे एक म्हातारे आजोबा दर्शनाला आले. रिवाजाप्रमाणे आधी त्यांनी वर बघितलं, बराच वेळ.

"औंदा माटोळीक नवीन काय बांधलास?"

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यो."

आजोबांनी चष्मा सारखा केला आणि मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"खंयच्या रानातलो?"

"बेंगळुरूच्या."

"खावक येता?"

"नाय," काका म्हणाले. "नुसतो टांगूक."